सायकल दुरुस्तीचा स्टँड आणि आजोबांचे गुडघे

सायकल दुरुस्त करायला वेगळा स्टँड मिळतो, हे आमच्या घरी कुणाला माहीत नव्हतं आणि तशी गरजही कधी पडली नव्हती. माझे आजोबा भारतीय सेनेच्या ईएमई कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. व्हेइकल मेकॅनिक हा त्यांचा ट्रेड. ट्रकचं इंजिन उतरवणाऱ्या माणसाला सायकलीचं काय अप्रूप! अंगणात पोतं अंथरायचं, पत्र्याची हिरवी पेटी उघडायची, उकिडवं बसायचं आणि काम सुरू. घरच्या तीन सायकली तर होत्याच, शिवाय गल्लीतल्या पोरांच्या किती सायकली त्या पोत्यावर येऊन गेल्या त्याची मोजदाद नाही.

आम्ही बडोद्याचे. घर दांडिया बाजारात, जुनं, सागवानी खांबांचं. गायकवाडांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबं राहत आली आहेत. म्हणून घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि इकडे शाळेत हिंदी-इंग्रजी असा माझा कारभार आहे. ईएमई कोअरची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ ची आणि तिचं एक मोठं प्रशिक्षण केंद्र, ईएमई स्कूल, बडोद्यातच आहे. आजोबांचं शेवटचं पोस्टिंग नशिबाने तिथेच झालं. कोअरचं ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’ हे आमच्याकडे भिंतीवर लावलेलं नाही, पण आजोबा हात पुसताना कधी कधी पुटपुटतात.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं, झीज झाली आहे. चाला, पण मांडी घालून बसू नका आणि उकिडवं तर अजिबात नको. बाबा सीमेवर, मी वसतिगृहात. आई बालवाडीत शिकवते आणि सायकलनेच जाते. माझी गिअरची सायकल मी नसताना धाकटी बहीण शाळेला नेते. सायकली रोज चालत होत्या, पण त्यांच्याकडे बघणारा माणूस आता खुर्चीत बसून रस्ता बघत होता.

रविवारच्या फोनवर बहिणीने मला हळू आवाजात सांगितलं, “दादा, आजोबा पेटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांना देऊन टाकणार आहेत. म्हणाले, वापरणाऱ्याच्या हातात असलेली बरी.”

“मी दिवाळीला येईपर्यंत थांबवून ठेव,” मी म्हणालो. “काहीही कारण सांग.”

तिने काय कारण सांगितलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, पण पेटी थांबली.

मला स्टँड आठवला तो आमच्या शाळेच्या सायकल मोहिमेवरून. त्या मोहिमेत सोबत आलेल्या मिस्त्रीकडे तीन पायांचा एक स्टँड होता. तो सायकलची सीट ज्या पाइपवर बसते तो पाइप जबड्यात पकडायचा आणि अख्खी सायकल हवेत उचलून ठेवायचा. दोन्ही चाकं मोकळी, पायडल फिरवून चेन बघायची, आणि मिस्त्री आपला ताठ उभा. आमच्या शाळेच्या गॅरेजमध्ये बसखाली काम करायला खड्डा आहे. गाडीला वर नेता येत नाही म्हणून माणूस खाली उतरतो. सायकल हलकी असते, ती माणसाकडे वर येऊ शकते. दोन्हीकडे गोष्ट तीच आहे : काम हाताच्या उंचीवर आणायचं.

पुढे वाचताना कळलं की या स्टँडचा जन्मही दुखण्यातूनच झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दोन सायकल दुकानदार वाकून वाकून दुरुस्ती करण्याला कंटाळले आणि त्यांनी आपल्या दुकानापुरता एक स्टँड स्वतःच बनवला. १९६३ साली त्यातून ‘पार्क टूल’ ही हत्यारांची कंपनी उभी राहिली. तिचे स्टँड आजही जगभरच्या दुकानांत दिसतात. त्यांच्या किमती मात्र आमच्या घरासाठी नाहीत.

माझ्याजवळ दोन हजार रुपये होते, आत्याने वाढदिवसाला दिलेले आणि थोडे साठवलेले. दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आजोबांना म्हणालो, “आपण सायकलचा स्टँड घेऊ. तुम्हाला खाली बसावं लागणार नाही.”

मी या शाळेत आल्यापासून आजोबा मला ‘साहेब’ म्हणतात. ते म्हणाले, “साहेब, आधी एम सांगा. मग फॅक्टर. मग कोर्सेस. खरेदी शेवटी.”

शाळेत आम्हाला अ‍ॅप्रिसिएशन असंच शिकवतात, पण ते टेकडी ताब्यात घेण्यासाठी असतं. सायकलच्या स्टँडसाठी मी ते पहिल्यांदाच केलं. कागद घेऊन आम्ही दोघं बसलो.

ध्येय लिहायलाच बराच वेळ गेला. मी लिहिलं होतं, ‘सायकल दुरुस्तीसाठी चांगला स्टँड घेणे.’ आजोबांनी ते खोडायला लावलं. चांगला कुणासाठी? बोलता बोलता ध्येय असं ठरलं : गुडघे न वाकवता, स्टुलावर बसून, घरच्या तिन्ही सायकलींचं नेहमीचं काम करता यावं, खर्च दोन हजारांच्या आत. यातले ‘स्टुलावर बसून’ हे दोन शब्द आजोबांचे. “तासभर उभं राहणंही आता जमत नाही रे,” ते म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ताठ उभा राहून काम करणारा मोहिमेतला मिस्त्रीच होता.

मग आम्ही मापं घेतली. तिन्ही सायकलींची वजनं घरातल्या वजनकाट्यावर काढली. मी सायकल उचलून काट्यावर उभा राहायचो आणि त्यातून माझं वजन वजा करायचं. आजोबांची काळी, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल कॅरिअर आणि डबल स्टँडसह २२ किलो भरली. आईची लेडीज सायकल बास्केट धरून १८. माझी १६. दुकानात स्टँडवर लावून दाखवतात त्या रेसिंगच्या सायकली याच्या निम्म्या वजनाच्या असतात. म्हणून ‘स्टँड मजबूत आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. किती किलोला, हे विचारावं लागतं.

दुसरं माप तोलाचं. आजोबांनी मला काळी सायकल दांडीला एका हाताने उचलायला सांगितली आणि ती पुढे-मागे न झुकता जिथे तोलली गेली तिथे खडूने खूण केली. सीटच्या पाइपापासून ती खूण २५ सेंटिमीटर पुढे होती. म्हणजे स्टँडने सीटचा पाइप पकडला तर सायकलचं सगळं वजन पकडीच्या २५ सेंटिमीटर पुढे लटकणार आणि हँडलची बाजू खाली जायला बघणार. बल गुणिले अंतर : २२ किलोचं वजन म्हणजे साधारण २१६ न्यूटन, त्याला ०.२५ मीटरने गुणलं तर ५४ न्यूटन मीटर. भौतिकशास्त्राच्या वहीत असली उत्तरं मी अनेकदा काढली आहेत. पण हे उत्तर म्हणजे जबड्याने सतत, न घसरता, किती पीळ सहन करायचा याचा आकडा होता. स्वस्त स्टँडवर सायकल हळूहळू नाक खाली करते, त्याचं कारण हेच.

तिसरं माप उंचीचं, आणि निर्णय खरं म्हणजे त्यानेच केला. स्टँड विकणारे सगळे सांगतात तो किती उंच होतो. आजोबा स्टुलावर बसले तेव्हा त्यांचे कोपर जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आले. क्रँकचा एक्सल, म्हणजे पायडलचे दांडे जिथे फिरतात तो मधला भाग, साधारण ७५ सेंटिमीटरवर असला की चेन, पायडल, मागचा ब्रेक सगळं हाताशी येतं. उभ्या माणसाला तो मीटरभर उंचीवर हवा असतो. आम्हाला उंच स्टँड नकोच होता. आणि स्टँड जितका बुटका तितका तो कमी डुलतो, शिवाय जड सायकल कमी उचलावी लागते.

मग पर्याय. आम्ही ते फुकटपासून सुरू केले.

पहिला, सायकल उलटी करणे. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. पंक्चरसाठी हे जगभर चालतं आणि एक पैसा लागत नाही. पण आईच्या सायकलची बास्केट आणि घंटी आड येते, ग्रिप घासतात, आणि काम पुन्हा खालीच राहतं. शिवाय चेन आणि गिअर उलट्या बाजूने बघावे लागतात. आणि उलटी करायला सायकल उचलावी लागतेच.

दुसरा, काळ्या सायकलचा स्वतःचा डबल स्टँड. आपल्याकडच्या जुन्या सायकली या बाबतीत फार शहाण्या आहेत. स्टँडवर लावली की मागचं चाक जमिनीपासून सुटतं आणि मोकळं फिरतं. चेनला तेल देणं, मागचं चाक बघणं, ब्रेकचे रबर बदलणं, यासाठी आणखी काही विकत घ्यायची गरज नाही. अशी सायकल एखाद्या भक्कम ओट्यावर चढवली तर उंचीचाही प्रश्न सुटतो. ज्यांच्या घरी एकच जुनी सायकल आहे आणि अंगणात ओटा आहे त्यांनी पैसे खर्च करू नयेत, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे ओटा नव्हता आणि बाकी दोन सायकलींना डबल स्टँड नव्हता.

तिसरा, झोपाळ्याच्या कड्या. आमच्या ओसरीत, बडोद्यातल्या जुन्या घरांत असतो तसा, झोपाळा आहे. त्याच्या कड्या चार माणसांचं वजन पेलतात. झोपाळा काढून एक दोर सीटला आणि एक हँडलच्या दांड्याला बांधला की सायकल हव्या त्या उंचीला टांगता येते. दोराचे ऐंशी रुपये. आम्ही करून पाहिलं. सायकल धुण्यासाठी आणि तेल देण्यासाठी हे छान आहे. पण पाना लावून जोर दिला की सायकलच पलीकडे जाते. त्यात आजी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझा झोपाळा संध्याकाळच्या आत परत लागला पाहिजे.” हा पर्याय तिथे संपला.

चौथा, मागच्या चाकाला खालून धरून उभी करणारा लोखंडी स्टँड. दुकानात सायकली मांडून ठेवतात तसला. बाजारात तो सातशे रुपयांपर्यंत मिळत होता. मागचं चाक जमिनीपासून थोडं उचलतो, घडी होतो, ट्रंकमागे मावतो. वसतिगृहात किंवा फ्लॅटच्या गॅलरीत राहणाऱ्या तरुण माणसाने गिअर जुळवण्यासाठी हाच घ्यावा. पण त्याने सायकल सहा-सात सेंटिमीटर वर येते आणि आम्हाला पंचेचाळीस हवे होते.

पाचवा, तीन पायांचा घडीचा स्टँड, मोहिमेत पाहिलेला. बाजारातल्या एका दुकानात दोन प्रकार होते. चांगला चार हजारांच्या पुढे, साधा बावीसशेला. दुकानदार भले होते. त्यांनी आम्हाला आमची सायकल लावून बघायला दिली. साध्या स्टँडचा जबडा प्लॅस्टिकचा होता आणि तो आवळण्याचा खटकाही प्लॅस्टिकचा. काळी सायकल लावली. दोन मिनिटांत हँडल तीन बोटं खाली आलं. मग आजोबांनी पुढचं चाक एका बाजूला वळवलं आणि स्टँडचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. माझी सोळा किलोची सायकल त्यावर बरी राहिली असती. म्हणजे स्टँड वाईट नव्हता, आमच्या सायकलचा नव्हता. अशा स्टँडवर सायकलचा तोलबिंदू तीन पायांच्या त्रिकोणाच्या आत पडतो की नाही, हे खरेदीआधी सायकल लावूनच कळतं.

सहावा, भिंतीवर बसवायचा जबडा. एक जाड लोखंडी पट्टी, तिच्यातून ४० सेंटिमीटर बाहेर आलेला हात आणि टोकाला जबडा. पाय नाहीत, त्यामुळे पडण्याचा प्रश्न नाही आणि किमतीत पायांचे पैसे वाचतात. १,६५० रुपये. जबडा लोखंडी, आत रबर, आवळायला आट्यांचा दांडा. खटक्यापेक्षा आटे मला जास्त भरवशाचे वाटले, कारण ते हवे तेवढेच आवळता येतात. सीटच्या पाइपाचा व्यास आम्ही व्हर्नियरने मोजून नेला होता, तिन्ही सायकलींचा २५ ते ३० मिलिमीटरच्या मधला. जबडा त्याहून बराच उघडत होता.

अडचण भिंतीची होती. आमच्या भिंती जुन्या विटांच्या आणि चुन्याच्या. खिळा ठोकला तर भुगा पडतो. इथे आजोबांनी माझ्याकडून पुन्हा हिशेब करून घेतला. २२ किलो, भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर. पट्टीवरचे वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर. २२ गुणिले ४० भागिले १०, म्हणजे वरच्या दोन बोल्टांना मिळून ८८ किलोचा ओढा, भिंतीतून बाहेर. चुन्याच्या भिंतीत प्लॅस्टिकची गुल्ली घालून बसवलेला स्क्रू तो किती दिवस धरेल? शिवाय भिंतीवर बसवला तर हँडलचं एक टोक भिंतीला जवळजवळ टेकतं आणि सायकलच्या पलीकडच्या बाजूला हात घालायला जागा राहत नाही.

आजोबा ओसरीतल्या खांबाकडे बघत होते. मीही बघायला लागलो.

खांब सागवानी, पंधरा सेंटिमीटर चौरस, चारही बाजूंनी मोकळा. त्याला भोकं पाडून आरपार बोल्ट घातले आणि मागून लोखंडी पट्टी लावून नट आवळले तर ओढा लाकडातल्या स्क्रूवर न येता मागच्या पट्टीवर येतो. खांब मागच्या बाजूला दाबला जातो, आणि दाब सहन करणं हेच तर खांबाचं काम. दहा मिलिमीटरच्या पोलादी बोल्टाला ४४ किलो म्हणजे काहीच नाही. आणि खांबाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा असल्याने सायकलच्या दोन्ही बाजूंना फिरता येतं. आम्ही खांब वरपासून खालपर्यंत हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिला. वाळवीने पोखरलेलं लाकूड पोकळ वाजतं. आमचा खांब भरीव वाजला.

आता परवानगी. खांब आजीच्या सासऱ्यांच्या काळचा. गणपतीत त्याला केळीचे खुंट बांधतात. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या : गणपतीच्या दहा दिवसांत जबडा उतरलेला पाहिजे, आणि ग्रीसचा एकही हात खांबाला लागता कामा नये. दोन्ही मान्य केल्या. बोल्ट असल्यामुळे जबडा दहा मिनिटांत निघतो.

खर्च असा झाला : जबडा १,६५०, चार लांब बोल्ट नट-वायसरसह १६०, सुतारकाकांनी मशिनने भोकं पाडून दिली त्याचे १००. मागची पट्टी आजोबांच्या पेटीतच निघाली. एकूण १,९१०. उरलेल्या नव्वद रुपयांत चेनच्या तेलाची छोटी बाटली आली.

जबडा किती उंचीवर बसवायचा यावर पुन्हा विचार करावा लागला, कारण खांबावर तो एकदा बसला की वर-खाली होत नाही. तिन्ही सायकलींची चाकं वेगवेगळी, मग एकच उंची कशी चालेल? पण मोजल्यावर लक्षात आलं की सायकल हवेत गेल्यावर चाकाच्या आकाराला महत्त्व उरत नाही. जबड्यात पकडतो तिथपासून क्रँकच्या एक्सलपर्यंतचं अंतर किती, एवढंच बघायचं. काळ्या सायकलचं ते साठ सेंटिमीटर, माझ्या आणि आईच्या सायकलचं त्याहून थोडं कमी. जबडा १३५ वर बसवला तर काळ्या सायकलचा एक्सल बरोबर ७५ वर येतो आणि बाकी दोघींचा जास्तीत जास्त ८५ वर. स्टुलावर एक जाड उशी ठेवली की तेही जमतं.

सायकल लावण्याआधी आम्ही वीस लिटरचा पाण्याचा कॅन जबड्याच्या टोकाला रात्रभर टांगून ठेवला आणि त्यात वर एक वीट अडकवली. सकाळी हाताचं टोक तेवढ्याच उंचीवर होतं. मग नट पुन्हा एकदा आवळले, कारण लाकूड दाबलं जाऊन थोडं बसतं.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी आला, आणि तो बहिणीने विचारला. “दादा, तू गेल्यावर सायकल वर उचलणार कोण?”

आजोबांना बावीस किलो उचलायला द्यायचे नाहीत हे उघड होतं. बहीण सातवीत आहे. तेव्हा आम्ही ड्रिल बसवलं. आधी पुढचं चाक लाकडी खोक्यावर चढवायचं, म्हणजे निम्मी उंची तिथेच मिळते. मग आई मागून कॅरिअर धरते, बहीण पुढून हँडल, दोघी एका वेळी उचलतात, आणि आजोबा स्टुलावरून उठून जबडा आवळतात. आजोबा मोजतात, “एक, दो, उठाव!” पहिल्या दिवशी तिघांना हसू आवरेना. चौथ्या दिवशी ते काम मिनिटभरात होऊ लागलं. पूर्वी दुरुस्ती हे एकट्या आजोबांचं काम होतं, आता त्याला तीन माणसं लागतात. यात घरचं नुकसान झालं असं मला वाटत नाही. उचलायला आलेली बहीण तिथेच थांबते आणि पाने हातात देता देता विचारते, हे असं का, ते तसं का.

स्टँडवर काय करायचं नाही, हेही आजोबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. जुन्या सायकलच्या क्रँकची कॉटर पिन हातोडीने काढायची तर ती हवेत नाही. खाली भक्कम आधार लागतो, नाहीतर घाव जबड्याला आणि खांबाला बसतात. घट्ट बसलेलं पायडल सोडवायचं तर सायकल जमिनीवर ठेवून, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवून. जबड्यात नेहमी सीटचा पाइप द्यायचा, फ्रेमची नळी नाही. लोखंडी फ्रेमचा फक्त रंग जाईल, पण अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी दबू शकते. जबड्याला जागा हवी म्हणून सीट वर घ्यायची, तर पाइपावरच्या खुणेच्या पुढे नाही. आणि सीट किती वर होती तिथे आधी चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे आईला परत तीच उंची मिळते.

आमच्या पानाचे वाचक बहुतेक वसतिगृहात राहतात आणि सुट्टीत घरी जातात. तुमच्या घरी सायकल असेल आणि स्टँड घ्यावा असं वाटत असेल, तर मी एवढंच सुचवीन : किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी मोजा. सायकलचं वजन, तिचा तोल सीटच्या पाइपापासून किती पुढे आहे ते, आणि जो काम करणार आहे त्याच्या कोपराची उंची. पहिल्या दोन मापांवरून कळतं कुठला स्टँड टिकेल. तिसऱ्यावरून कळतं कुठला वापरला जाईल. हलकी सायकल आणि सशक्त पाठ असेल तर सातशेचा मागच्या चाकाचा स्टँड पुरतो. भाड्याचं घर असेल आणि खांबाला, भिंतीला हात लावता येत नसेल, तर थोडे थांबून पैसे साठवा आणि तीन पायांचा जरा चांगला घ्या. पण आपली सायकल त्यावर लावून, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुट्टी संपून मी शाळेत परत आलो. रविवारी फोन केला की आता आजोबा गुडघ्यांबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि सायकलींबद्दल दहा. गल्लीतली पोरं पुन्हा यायला लागली आहेत. ती येताना आणखी एक पोरगा बरोबर आणतात, सायकल उचलायला. पेटी खांबाशेजारी स्टुलाखाली असते. मागच्या आठवड्यात बहिणीने आईच्या सायकलचे ब्रेकचे रबर स्वतः बदलले. आजोबांनी तपासलं आणि एक नट अर्धा फेरा आणखी आवळायला लावला, एवढंच.

आता तिला चाकाचा आउट काढायला शिकायचं आहे. त्यासाठी वेगळा स्टँड मिळतो असं मी तिला सांगितलं, तर मागून आजोबांचा आवाज आला, “काही विकत घेऊ नका. चाक सायकलवरच फिरवायचं आणि ब्रेकचे रबर कुठे घासतात ते बघायचं. साहेब उन्हाळ्यात येतील तेव्हा दोघांना एकदम शिकवतो.”

— एक कॅडेट, इयत्ता दहावी